द्राक्षावरच्या मिलीबगमध्ये नर बापाची गुणसूत्रं बंद ठेवतो: क्रोमॅटिनची घडी, जनुकं आणि औषधाला दाद न देणं

अग्रणीकाठ (कवठेमहांकाळ)

डीएनएच्या घडीवर मराठीत जे काही वाचायला मिळतं त्यात उदाहरणं माणसाची, उंदराची, नाहीतर फळमाशीची असतात. या विषयातलं एक अतिशय ठळक उदाहरण मात्र आपल्या तासगाव-मिरज-कवठेमहांकाळ पट्ट्यात, द्राक्षाच्या खोडावर सालीखाली बसलेलं आहे. गुलाबी मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण, शास्त्रीय नाव मॅकोनेलिकॉकस हिर्सुटस. त्यावर इथे नीट चर्चा व्हावी म्हणून धागा काढतोय.

आधी पाया. माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर साधारण २ मीटर भरतो, आणि तो काही मायक्रोमीटरच्या केंद्रकात बसवायचा असतो. डीएनए आणि प्रथिनं मिळून जी घडी होते ती क्रोमॅटिन, आणि तिची पहिली पायरी म्हणजे न्यूक्लिओसोम. एच२ए, एच२बी, एच३, एच४ या हिस्टोन प्रथिनांच्या प्रत्येकी दोन अशा आठ जणांच्या गठ्ठ्याभोवती डीएनएच्या अक्षरांच्या १४७ जोड्या सुमारे पावणेदोन वेढे घेतात. १९७४ साली रॉजर कॉर्नबर्ग यांनी ही रचना मांडली आणि १९९७ मध्ये तिचं २.८ अँगस्ट्रॉम इतकं बारीक स्फटिकचित्र आलं.

जनुक चालू व्हायचं तर वाचणाऱ्या यंत्रणेला डीएनएपर्यंत हात पोचायला हवा. हिस्टोनच्या शेपट्या बाहेर लोंबतात आणि त्यांवर, विशेषतः लायसिन या अमिनो आम्लावर, रासायनिक खुणा लागतात. लायसिनवर अ‍ॅसिटिल गट लागला की त्याचा धनभार जातो, डीएनएवरची पकड सैल होते. याउलट एच३ च्या नवव्या लायसिनवर तीन मिथाइल गट लागले की एचपी१ नावाचं प्रथिन तिथे येऊन बसतं आणि मिथाइल लावणारं एन्झाइम शेजारच्या न्यूक्लिओसोमवर ओढून आणतं. खूण पसरत जाते, घडी घट्ट होते, आतली जनुकं गप्प होतात. हे हेटरोक्रोमॅटिन. माणसात बाईच्या दोन एक्सपैकी एक असा बंद होतो.

मिलीबग याच्या फार पुढे जातो. त्याच्यात लिंग-गुणसूत्रंच नाहीत. नर आणि मादी दोघेही फलित अंड्यातून येतात, दोघांकडे १० गुणसूत्रं, ५ आईची आणि ५ बापाची. मादीत दहाही चालू. नराच्या गर्भात मात्र सुरुवातीची काही विभाजनं झाली की बापाकडून आलेला पाचचा अख्खा संच हेटरोक्रोमॅटिन होऊन बसतो. पुढे शुक्राणू तयार होताना या संचाचे शुक्राणू बनतच नाहीत, तो संच नष्ट होतो. म्हणजे नर अंगात बापाची गुणसूत्रं वागवतो, पण जगतो आईच्या जनुकांवर आणि पुढच्या पिढीला देतोही फक्त आईचीच.

डीएनएच्या अक्षरांत काही बदल नाही, नुसती घडी बदलली. आणि त्याने नैसर्गिक निवडीला कोणती प्रत दिसणार हेच बदलून गेलं. मला बोलायचंय ते यावर.

—

माणगंगा (आटपाडी)

फार चांगला विषय. एक शंका. बापाचा संच खरंच बंद असतो, की फक्त सूक्ष्मदर्शकाखाली गडद दिसतो? गडद दिसणं आणि जनुकं बंद असणं या दोन गोष्टी वेगवेगळ्या सिद्ध कराव्या लागतील ना?

—

अग्रणीकाठ

रास्त शंका. पुरावा जुना आहे आणि सुंदर आहे. लिंबूवर्गीय झाडांवरच्या मिलीबगवर, म्हणजे प्लॅनोकॉकस सिट्रीवर, ब्राऊन आणि नेल्सन-रीस यांनी १९६१ साली क्ष-किरणांचे प्रयोग प्रसिद्ध केले. नराला भरपूर किरण देऊन त्याची गुणसूत्रं मोडली आणि साध्या मादीशी संकर केला. मुली मेल्या, मुलगे जगले. आईला किरण दिले तर मुलगे-मुली दोघांनाही फटका बसला. बापाची मोडकी गुणसूत्रं मुलाला मारत नाहीत, कारण ती वापरात नाहीत. जनुकं बंद असल्याचा याहून सरळ पुरावा त्या काळात मिळणं अवघड होतं.

आता आरएनए, म्हणजे चालू जनुकावरून उतरणारी नक्कल, मोजता येतं. २०२१ मध्ये त्याच जातीच्या नरांत आई-बापाच्या प्रती वेगळ्या ओळखून मोजणी झाली. जवळजवळ सगळं आईकडून वाचलं जातं, बापाकडून थोडी गळती आहे. म्हणजे घडी फार घट्ट आहे, पण शंभर टक्के नाही.

आपल्याकडचं कामही सांगायला हवं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले शरत् चंद्र यांनी याच ब्राऊन यांच्याबरोबर १९७५ साली मिलीबगवरून पुढे जाऊन सस्तन प्राण्यांतल्या एक्स गुणसूत्रावर, कोणतं बंद राहणार हे ठरवणाऱ्या खुणेची कल्पना मांडली होती. आणि आपल्या द्राक्षावरच्या जातीचा जीनोम दिल्लीच्या वाणी ब्रह्मचारी यांच्या गटाने २०२० मध्ये प्रसिद्ध केला.

—

माणगंगा

मग खूण कसली? डीएनएवरचं मिथाइल असेल तर बापाच्या संचावर ते जास्त सापडायला हवं.

—

वारणेचं खोरं (शिराळा)

उलट सापडलं. सिट्रीत बापाकडून आलेल्या गुणसूत्रांवर डीएनएचं मिथाइल कमी आहे, तेही मुलगा-मुलगी दोघांत. त्यामुळे 'मिथाइल जास्त म्हणजे जनुक बंद' हा पाठ्यपुस्तकातला नियम कीटकांना लावू नका. तो सस्तन प्राण्यांच्या प्रमोटरपुरता (जनुकाच्या सुरुवातीचा, ते चालू करणारा भाग) बरा आहे. कीटकांत डीएनएचं मिथाइल बहुतेक चालू जनुकांच्या अंगावर असतं.

बंद करण्याचं काम हिस्टोनवर होतं. बापाचा संच मिळून जी गडद गाठ होते तिच्यावर एच३ च्या नवव्या आणि एच४ च्या विसाव्या लायसिनवरच्या मिथाइल खुणा सापडतात, शिवाय एचपी१ सारखं प्रथिन. आरएनए-हस्तक्षेपाने (जनुकाचा आरएनए नष्ट करून) त्या प्रथिनांपैकी एक कमी केलं तर गाठ सैल पडते, हेही दाखवलेलं आहे.

—

अजिंक्यतारा (सातारा)

बीएस्सी-एमएस्सीच्या प्रयोगशाळेत ही गाठ फारशा खर्चाशिवाय दिसते, म्हणून पद्धत सविस्तर देतो.

साहित्य बागेतून आणताना सालीच्या तुकड्यासकट काचेच्या नाहीतर प्लास्टिकच्या डबीत, आत कोरडा कागद घालून आणा. ओलसर पिशवीत बुरशी लागते. वाढवायचे असतील तर साधारण २ किलोचा, खाचा असलेला, देठासकट पिकलेला लाल भोपळा घ्या. तो धुऊन १ ग्रॅम प्रतिलिटर कार्बेन्डाझिमच्या पाण्यात बुडवून वाळवा, चिरा पडलेल्या जागी मेण लावा. या कामासाठी दुसऱ्या बागेत जिवंत मिलीबग नेऊ नका, एवढं कृपा करून पाळा.

अंडी कापसासारख्या पिशवीतून मऊ ब्रशने सोडवा. ताजी अंडी नारिंगी असतात, फुटायच्या आधी गुलाबी होतात. नारिंगी घ्यायची. फार लवकरच्या गर्भात गाठ तयारच झालेली नसते, त्यामुळे 'गाठ नाही म्हणजे मादी' असं म्हणायला शेकडो केंद्रकं असलेला गर्भ लागतो. गुलाबी अंड्यात पिल्लू जवळजवळ पूर्ण असतं, ते नीट दाबलं जात नाही.

फक्त गाठ बघायची असेल तर अंडी थेट कार्नॉय द्रावणात टाका: अल्कोहोल ६ भाग, क्लोरोफॉर्म ३ भाग, ग्लेशियल अ‍ॅसिटिक आम्ल १ भाग. अर्धा ते एक तास. क्लोरोफॉर्ममुळे मेणही निघून जातं. द्रावण त्याच दिवशी बनवा आणि काचेच्याच कुपीत ठेवा. पॉलिस्टायरीनची कुपी क्लोरोफॉर्मने विरघळते आणि सगळं चिकट होऊन बसतं. खिडक्या उघड्या, हातमोजे घातलेले.

गुणसूत्रं मोजायची असतील तर आधी ०.७ टक्के मिठाच्या पाण्यात अंड्याला बारीक सुईने टोचा, मग १ टक्का सोडियम सायट्रेटमध्ये १० ते १५ मिनिटं ठेवा म्हणजे पेशी फुगतात, आणि मगच कार्नॉय.

रंगासाठी २ टक्के अ‍ॅसिटोकार्मिन. ४५ टक्के अ‍ॅसिटिक आम्लाच्या १०० मिलीत २ ग्रॅम कार्मिन मंद आचेवर तासभर उकळायचं, तेही धुराड्याखाली, मग थंड करून गाळायचं. जुन्या बाटलीत स्फटिक पडतात आणि स्लाइडवर काळे ठिपके येतात, म्हणून वापरायच्या आधी परत गाळा. स्लाइडवर एका थेंबात एकच अंडं, १० ते १५ मिनिटं. लोखंडी सुईने थेंब थोडा ढवळला तर रंग गडद चढतो. कव्हरस्लिप ठेवून वर टिपकागदाची घडी, आणि अंगठ्याने सरळ खाली दाब. आडवा जोर लागला की केंद्रकं घसरून लांब ओढली जातात.

४०० पटीवर नराच्या गर्भात जवळजवळ प्रत्येक केंद्रकात कडेला एक घट्ट तांबडी गाठ दिसते, बाकी केंद्रक फिकं. मादीच्या गर्भात सगळं सारखं फिकं, जाळीदार. १००० पटीवर विभाजनाची चांगली स्थिती सापडली तर नरात ५ गडद आणि ५ फिकी गुणसूत्रं वेगळी करता येतात.

—

येरळा (खानापूर)

सर, आमच्या मुलांना प्रत्येकच स्लाइडमध्ये काही गडद मोठी केंद्रकं दिसली. तेवढ्यावरून सगळे गर्भ नर धरले, तर नराचं प्रमाण अशक्य इतकं जास्त येतंय.

—

अजिंक्यतारा

ती बहुतेक जिवाणूंना सांभाळणाऱ्या पेशींची केंद्रकं असणार. मिलीबगच्या पोटात सहजीवी जिवाणूंचा एक वेगळा अवयव असतो. त्याच्या पेशी मोठ्या, केंद्रकात गुणसूत्रांचे संच दोनाहून जास्त, त्यामुळे रंग भरपूर धरतात. त्या एका जागी घोळक्याने असतात. नर ठरवायचा तर गर्भभर विखुरलेल्या लहान केंद्रकांत गाठ बघा, आणि एका गर्भातली निदान पन्नास केंद्रकं बघा.

दुसरं कारण म्हणजे रंग जास्त चढणं. सगळंच गडद झालं की फरक मरतो. कव्हरस्लिपच्या एका कडेला ४५ टक्के अ‍ॅसिटिक आम्लाचा थेंब सोडा, दुसऱ्या कडेने टिपकागदाने ओढून घ्या, रंग उतरतो.

—

वारणेचं खोरं

यात एक भर. कोणाला पुढे जाऊन नवव्या लायसिनची खूण अँटिबॉडीने दाखवायची असेल तर कार्नॉय वापरू नका. अ‍ॅसिटिक आम्ल हिस्टोनच बाहेर काढतं. स्लाइड दिसायला छान, पण अँटिबॉडीला बसायला जागा कमी, मग चमक येत नाही आणि दोष अँटिबॉडीला दिला जातो. त्यासाठी ४ टक्के फॉर्मल्डिहाइड १५ मिनिटं, मग ट्रायटन या साबणासारख्या द्रव्याने पेशी झिरपत्या करायच्या, बीएसए प्रथिनाने ब्लॉक (रिकाम्या जागा झाकायच्या), आणि अँटिबॉडी ४ अंशावर रात्रभर. सोबत डॅपी (डीएनए चमकवणारा रंग) हवंच, नाहीतर खूण गाठीवर आहे की बाहेर हे सांगता येणार नाही.

—

पूर्वभाग_बागाईतदार (तासगाव)

हे सगळं वाचलं, बरंचसं कळलंही. पण अग्रणीकाठ दादा, सुरुवातीला तुम्ही औषधाला दाद न देण्याचं म्हणालात. घडाला चिकटा आणि काळी बुरशी आणते ती मादी आणि तिची पिल्लं. नराला तर तोंडच नसतं. नराची गुणसूत्रं बंद असली काय नि चालू असली काय, बागेला काय फरक?

—

अग्रणीकाठ

प्रौढ नराला तोंड नसतं हे बरोबर. पण पहिल्या दोन अवस्थांत नर पिल्लूही मादीसारखंच रस शोषतं, औषधही तेव्हाच खातं. निवड तिथे होते. आता गणित बघा.

समजा औषधाला न जुमानणारं एक जनुक आहे, हजार प्रतींत एक, आणि ते अप्रभावी आहे. म्हणजे दोन्ही प्रती तशाच असल्या तरच गुण दिसतो. साध्या किडीत असा जीव दहा लाखांत एक. मिलीबगच्या मादीतही तेवढाच. नरात मात्र आईची एकच प्रत चालू, झाकायला दुसरी प्रत नाही, म्हणून हजारात एक नर फवारणीतून वाचतो. दुर्मीळ जनुक औषधाला उघडं पडतं ते नरातून.

हा वाचलेला नर सालीखाली औषध न पोचलेल्या साध्या मादीशी जुळतो. त्याच्या सगळ्या शुक्राणूंत ते जनुक असतं, कारण तो एकच संच देतो. पहिल्या पिढीत सगळ्या मुलींकडे एक प्रत येते, पण अप्रभावी असल्याने त्या औषधाने मरतात. मुलग्यांकडेही येते, पण बापाची म्हणून बंद. तेही मरतात. म्हणजे पुढची फवारणी नेहमीसारखीच लागू पडलेली दिसते.

त्या मुलींपैकी सालीखाली ज्या वाचल्या, त्यांचे अर्धे मुलगे दुसऱ्या पिढीत औषधाला दाद देत नाहीत. फवारणीनंतर तेच नर उरतात. त्यांच्या बरोबरीच्या माद्यांत अर्ध्यांकडे एक प्रत असते. तिसऱ्या पिढीत या दोघांच्या मुलींपैकी एक चतुर्थांश मुलींत दोन्ही प्रती प्रतिकाराच्या. या माद्या घडावर येतात आणि औषध चालेना असं तुम्हाला दिसतं. उन्हाळी हवेत एक पिढी साधारण महिन्याची धरा.

मी फवारणीतून फक्त प्रतिकारी नर वाचतात असं धरलंय. प्रत्यक्षात सालीखाली साधे नरही उरतात आणि वेग कमी करतात. पण दिशा हीच.

हे नुसतं कागदावर नाही. कॉफीची फळं पोखरणाऱ्या भुंगेऱ्यात नराचा बापाकडचा संच असाच घट्ट होऊन बसतो. न्यू कॅलेडोनियात एन्डोसल्फानला तो दाद देईना, तेव्हा त्याचं कारण याच घडीत सापडलं. १९९५ चं काम आहे.

—

वारणेचं खोरं

मांडणी मान्य, पण दोन अटी घालतो, कारण त्यांवरून उत्तर बदलतं.

एक, प्रतिकार पूर्ण अप्रभावी असेल तरच हा फरक इतका मोठा. अर्धवट प्रभावी असेल तर एक प्रत असलेल्या माद्याही थोड्याफार वाचतात आणि साध्या किडीतही तो वेगाने पसरतो.

दोन, नराच्या सगळ्या ऊतींत बापाचा संच बंद नसतो. उझी नूर यांनी १९६७ मध्ये दाखवलं की आतडं आणि माल्पिघी नलिका (कीटकाचा उत्सर्जनाचा अवयव) अशा ठिकाणी गाठ पुन्हा सुटते. विष मोडणारी एन्झाइमं मुख्यतः तिथेच काम करतात. म्हणजे चेताकेंद्रातल्या लक्ष्य-प्रथिनात, म्हणजे औषध ज्यावर घाव घालतं त्यात, बदल होऊन आलेला प्रतिकार असेल तर बापाची प्रत निरुपयोगी. विष मोडण्याची ताकद वाढून आलेला असेल तर बापाची प्रतही मुलाला वाचवू शकते, मात्र मुलगा ती पुढे देणार नाही. तुमची पहिली पिढी या दुसऱ्या प्रकारात थोडी वेगळी दिसेल.

—

अग्रणीकाठ

दुसरा मुद्दा फार महत्त्वाचा, माझ्या गणितात तो नव्हता. माझं गणित लक्ष्य-प्रथिनाच्या प्रतिकाराचं समजावं.

बागाईतदार दादा, यातून कामाचं एवढंच: एकाच गटाचं औषध लागोपाठच्या पिढ्यांवर मारू नका. ब्रँड बदलून उपयोग नाही, क्रियागट, म्हणजे औषध किडीवर कसं काम करतं तो गट, बदलला पाहिजे. बुप्रोफेझिन १६ व्या गटात, इमिडाक्लोप्रिड ४ए मध्ये, स्पायरोटेट्रामॅट २३ मध्ये. डब्यावर गट बघायचा, आणि लेबल क्लेम व काढणीपूर्व कालावधी मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राच्या ताज्या यादीप्रमाणे. खरड छाटणीनंतर सैल साल काढून जाळणं आणि मुंग्यांसाठी खोडाला चिकट पट्टा ही कामं कुठल्याच जनुकाला विचारत नाहीत. मिलीबग खाणारे क्रिप्टोलेमस भुंगेरे सोडणार असाल तर त्याआधी-नंतर त्यांना मारणारी औषधं टाळा.

—

माणगंगा

मग असंही होऊ शकेल का, की औषधाच्या ताणानेच घडी बदलली, ती पिल्लांत उतरली, आणि प्रतिकार जनुकात बदल न होताच आला?

—

वारणेचं खोरं

असं सरसकट म्हणायला आधार नाही. घडी आणि प्रतिकार यांचा संबंध पक्का दिसलाय तो वेगळ्या रीतीने. बटाटा-पीचवरच्या हिरव्या माव्यात विष धरून ठेवणाऱ्या ई४ एस्टरेजच्या जनुकाच्या प्रती वाढतात, काही वाणांत ऐंशीच्या आसपास. हा अक्षरांतला बदल, औषधाने निवडलेला. या वाढीव प्रती चालू असतात तेव्हा त्यांवर डीएनएचं मिथाइल असतं. औषध थांबलं की काही वाणांत मिथाइल जातं, प्रती सगळ्या जागेवर असूनही एस्टरेज बनत नाही आणि मावा पुन्हा मरू लागतो. हे १९८९ मध्ये दिसलं.

करून बघण्यासारखं आहे. डीएनएच्या सीसीजीजी या अक्षरक्रमावर एमएसपी-१ आणि एचपीए-२ ही दोन्ही एन्झाइमं कापतात, पण आतल्या सी वर मिथाइल असेल तर एचपीए-२ अडतं. एकाच डीएनएचे दोन भाग करून दोन्हींनी कापायचे आणि जेलवर शेजारी-शेजारी चालवून पट्टे बघायचे. एचपीए-२ चं पचन अर्धवट राहिलं तर ते मिथाइलसारखंच दिसतं, म्हणून मिथाइल नसलेला लॅम्डा डीएनए त्याच नळीत घालून तो पूर्ण कापला गेला का हे बघितल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही.

म्हणजे प्रतिकार येतो अक्षरांतून, आणि तो किती काळ उघडा राहील यात घडीचा हात.

—

येरळा

किडीवरच बोलतोय म्हणून वेलीचंही एक टाकतो. थॉमसनसारखी द्राक्षं पांढरी का? रंग चालू करणाऱ्या व्हीव्हीमायबी-ए१ जनुकाच्या प्रमोटरमध्ये जीरेट१ नावाचा डीएनएचा उडता (जागा बदलणारा) तुकडा घुसलाय, २००४ मध्ये जपानी गटाने दाखवलं. इटालिया या पांढऱ्या जातीतून रुबी ओकुयामा ही लाल जात निघाली ती हा तुकडा बहुतांशी निघून गेल्यावर. एरवी अशा तुकड्यांना पेशी हेटरोक्रोमॅटिनमध्ये दाबून ठेवते. उतिसंवर्धनात ही दाबणूक सुटते: तेलताडात कर्मा नावाच्या तुकड्यावरचं मिथाइल गेलं की फळंच बिघडतात, २०१५ चं काम. केळीची उतिसंवर्धित रोपं घेणाऱ्यांनी वेडीवाकडी रोपं पहिल्याच महिन्यात उपटायची ती म्हणूनच महत्त्वाची, सगळ्यांचं कारण हे नसलं तरी.

अजिंक्यतारा सर, नव्या स्लाइडमध्ये जिवाणूंच्या पेशी वगळल्या. आता काही पिशव्यांत नर फारच थोडे, काहींत भरपूर. मोजणीत चूक आहे का?

—

अजिंक्यतारा

चूक असेलच असं नाही. मिलीबगमध्ये लिंगाचं प्रमाण ठरलेलं नसतं. सिट्रीत उशिरा जुळलेल्या, वयस्क माद्यांच्या पिल्लांत नर जास्त निघतात. पिशव्या एकत्र करू नका, प्रत्येक मादीची अंडी वेगळ्या कुपीत ठेवा आणि कुपीवर ती भोपळ्यावर कधी सोडली, पिशवी कधी धरली हे लिहा. एका पिशवीतले वीस-पंचवीस गर्भ बघा. पहिल्या दिवसाची आणि शेवटच्या दिवसांची अंडी वेगळी मोजलीत तर तेवढ्यात बरंच स्पष्ट होईल. आकडे आले की इथेच टाका.